पॅक-मॅन नव्याने लिहिताना : प्रकल्प नोंदी

नामकोने १९८० साली आर्केडमध्ये आणलेल्या पॅक-मॅनची (भुतांना चुकवत चक्रव्यूहातले ठिपके खायचा खेळ) वागणूक जशीच्या तशी उतरवायची, पण चित्रं, आवाज आणि नाव स्वतःचं ठेवायचं, एवढंच या प्रकल्पाचं काम. हा एमुलेटर (मूळ यंत्राची नक्कल करून त्याचाच प्रोग्रॅम चालवणारा) नाही, मूळ रॉम (यंत्राच्या चिपमधला प्रोग्रॅम आणि चित्रं) कुठेच लागत नाही. भाषा सी, खिडकी, कळा आणि आवाज यांसाठी एसडीएल २ ही लायब्ररी. पैशांचा खर्च शून्य. तासांचा मात्र झाला, म्हणून तो प्रत्येक नोंदीपुढे कंसात दिला आहे.

६ जानेवारी (३ तास)

पडदा आणि नकाशा. मूळ पडदा उभा, २२४ × २८८ पिक्सेलचा. ८ × ८ पिक्सेलची एक टाइल धरली की २८ स्तंभ आणि ३६ ओळी होतात. वरच्या ३ ओळी गुणांसाठी, खालच्या २ उरलेले जीव आणि फळांसाठी, मधल्या ३१ ओळींत खेळ. नकाशा साध्या मजकूर फाइलीत ठेवला: भिंतीला एक अक्षर, ठिपक्याला एक, मोठ्या गोळीला एक.

ठिपके २४० आणि मोठ्या गोळ्या ४, एकूण २४४ भरायला हवेत. आमचे २४३ भरले. एक ठिपका टाइप करताना गळला होता आणि तो शोधायला पाऊण तास गेला. खरं तर विषम आकडा दिसला तेव्हाच कळायला हवं होतं: हा नकाशा डावी-उजवीकडे आरशासारखा आहे, ठिपके विषम येणारच नाहीत. आता फाइलीत फक्त डावे १४ स्तंभ आहेत, उजवे कोडच तयार करतो, आणि बेरीज २४४ नसेल तर खेळ सुरूच होत नाही.

पडदा मोठा करताना पूर्ण पटच वापरा. २.५ पट केलं की काही ओळी जाड, काही बारीक होतात आणि शेजारशेजारचे ठिपके वेगवेगळ्या मापाचे दिसतात. तिप्पट म्हणजे ६७२ × ८६४, हे १०८० उंचीच्या पडद्यावर बसतं. चौपट बसत नाही.

९ जानेवारी (१ तास, नंतर आणखी ५)

लायसन्स. पहिले तीन दिवस रेपोत (कोडच्या जाहीर साठ्यात) लायसन्सची फाइलच नव्हती. कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे तो मुक्त स्रोत झाला, असं होत नाही. लायसन्स नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात आणि दुसऱ्याला तो वापरता येत नाही. कोडला जीपीएल ३, चित्रं आणि आवाजाला क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय-एसए ४.०. दोन्हींच्या फाइली वेगळ्या फोल्डरांत, म्हणजे कशाला काय लागू आहे यावर वाद नको.

वरचे ५ तास नंतर गेले. एका पुल रिक्वेस्टमधून (बाहेरच्याने सुचवलेला बदल) भुतांची चित्रं आली, छान दिसली, मर्ज केली, म्हणजे आमच्यात मिसळली. दोन दिवसांनी लक्षात आलं की ती मूळ रॉममधूनच काढलेली होती. फाइल डिलीट करून भागत नाही, गिटच्या (बदलांची नोंद ठेवणारं साधन) इतिहासात ती राहतेच. फिल्टर-रेपो चालवून तिथपासूनचा इतिहास पुन्हा लिहावा लागला, म्हणजे त्या सगळ्या कमिटचे (नोंदवलेल्या बदलांचे) हॅश, म्हणजे ओळख-आकडे, बदलले आणि ज्यांनी ज्यांनी क्लोन घेतला होता त्यांना नव्याने घ्यायला लावलं. आता चित्र स्वीकारण्याआधी ते कशात काढलं हे विचारतो आणि मूळ कामाची फाइल मागतो. ‘नेटवर मिळालं’ हे उत्तर आलं की विषय तिथेच बंद.

१४ जानेवारी (६ तास)

वेग. सगळ्यात जास्त फसवणूक इथे झाली.

मूळ यंत्र सेकंदाला ६०.६ फ्रेम दाखवतं. १०० टक्के वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ७५.७६ पिक्सेल, म्हणजेच एका फ्रेमला सव्वा पिक्सेल. पहिल्या पातळीत पॅक-मॅन ८० टक्क्यांनी धावतो, भुतं ७५, बोगद्यात भुतं ४०, मोठी गोळी खाल्ल्यावर घाबरलेली भुतं ५०. हे दशांशात लिहून मोकळे झालो. खेळ दिसायला बरा होता, पण टाइलच्या मध्यावर, म्हणजे ४ वर, यायच्या जागी भूत ३.९३७५ वर यायचं आणि ‘मध्यावर आहे का’ ही तुलना चुकायची. मग थोडी सूट दिली, मग सुटीतली सूट. शेवटी ते सगळं उपटून टाकलं.

सगळे वेग ५ टक्क्यांच्या पटीत आहेत. १०० टक्के म्हणजे १६ फ्रेममध्ये २० पिक्सेल, त्यामुळे ५ टक्के म्हणजे १६ फ्रेममध्ये बरोबर १ पिक्सेल. म्हणून ८० टक्क्यांचे १६, ७५ चे १५, ५० चे १०, ४० चे ८. प्रत्येक पात्राला एक पूर्णांक साठा ठेवायचा, दर फ्रेमला त्यात हा आकडा मिळवायचा, साठा १६ किंवा त्यावर गेला की १६ वजा करून एक पिक्सेल सरकायचं. साठा अजूनही १६ किंवा त्यावर असेल तर आणखी एक. दशांश कुठेच नाही.

तरीही पॅक-मॅन ठिपके खाताना फारच रेंगाळत होता. मूळ खेळाच्या वेगांच्या तक्त्यात ठिपके खातानाचा वेग ७१ टक्के दिलेला असतो. तो आम्ही लावला होता, शिवाय प्रत्येक ठिपक्याला १ फ्रेम थांबायचं हेही. पण ७१ हा त्या थांबण्याचाच परिणाम आहे: ८० टक्क्यांनी ८ पिक्सेलला ८ फ्रेम लागतात, एक फ्रेम थांबला की ९, आणि ८० चे आठ नवमांश म्हणजे ७१. आम्ही एकच दंड दोनदा वसूल करत होतो, त्यामुळे वेग ६४ टक्क्यांवर आला होता. ७१ काढून टाकला. फक्त ठिपक्याला १ फ्रेम आणि मोठ्या गोळीला ३ फ्रेम थांबा. भुतं घाबरलेली असताना पॅक-मॅन ९० टक्क्यांनी धावतो आणि तक्त्यात ठिपक्यांसह ७९ दिसतो. तोही याच हिशेबाने आपोआप जुळला. ७१ हा ५ च्या पटीत नाही, शंका तिथेच यायला हवी होती.

१५ जानेवारी (२ तास)

एकाने १४४ हर्ट्झच्या पडद्यावर चालवलं आणि खेळ २.४ पट वेगाने पळाला. पडदा एकदा रंगवला की खेळ एक पाऊल पुढे, अशी बांधणी होती. आता वेळ साठवतो आणि ठरावीक अंतराने पाऊल टाकतो. ते अंतर आधी मुळाबरहुकूम १६.५ मिलिसेकंद ठेवलं, पण ६० हर्ट्झच्या पडद्यावर दर दीड-पावणेदोन सेकंदांनी एका फ्रेममध्ये दोन पावलं पडायची आणि बारीकसा धक्का दिसायचा. म्हणून सरळ सेकंदाला ६० पावलं. एक टक्का हळू खेळ कुणाला जाणवत नाही, धक्का जाणवतो. मूळ गती सेटिंगमध्ये ठेवली आहे.

खिडकी माउसने धरून ठेवली की वेळ साचतो आणि सोडताच खेळ शेकडो पावलं एकदम टाकतो, पॅक-मॅन तिथल्या तिथे मरतो. एका वेळी जास्तीत जास्त ५ पावलं, बाकीचा वेळ फेकून द्यायचा.

१९ जानेवारी (४ तास)

भिंतीतून जाणारा पॅक-मॅन. ९० टक्के वेगात साठा १८ ने वाढतो, म्हणजे आठ फ्रेममध्ये एकदा दोन पिक्सेल सरकतात. दोन पिक्सेल एकदम सरकवून मग मध्य तपासला की मध्य मधल्यामध्ये हुकतो. वळण चुकतं नाहीतर भिंत पार होते. मोठी गोळी खाल्ल्यावरच होत असल्यामुळे बराच वेळ संशय गोळीच्या कोडवर होता. उपाय सोपा: सरकणं नेहमी एकेका पिक्सेलने, आणि प्रत्येक पिक्सेलनंतर तपासणी.

कोपरा कापणं याच दिवशी. मूळ खेळात पॅक-मॅन वळणाच्या मध्याला पोचण्याआधी तीन-चार पिक्सेलपासूनच वळू शकतो आणि तेवढं अंतर तिरका जातो. भुतांना ही सवलत नाही. हे नसेल तर मागे लागलेलं भूत कधी तुटतच नाही. आधी आम्ही वळताच त्याला नव्या वाटेच्या मध्यरेषेवर उचलून ठेवत होतो, तर तो चक्क उडी मारताना दिसायचा. आता दोन्ही दिशांना एकेक पिक्सेल, मध्यरेषा येईपर्यंत.

बोगद्याची चूक लहान पण घाणेरडी. डावीकडून बाहेर पडताना स्तंभ उणे १ होतो. सी भाषेत उणे १ ला २८ ने भागल्यावर बाकी २७ येत नाही, उणे १ च येते. नकाशाच्या आधीच्या ओळीतली शेवटची टाइल वाचली जायची, ती भिंत असायची आणि पॅक-मॅन बोगद्याच्या तोंडात अडकायचा. आधी २८ मिळवा, मग बाकी काढा.

२६ जानेवारी (९ तास, दोन बैठका)

भुतं. चौघांचा वाट काढायचा नियम एकच आहे: पुढच्या टाइलवर पोचल्यावर कुठे वळायचं हे एक टाइल आधीच ठरवायचं, मागे फिरायचं नाही, आणि उरलेल्या वाटांपैकी लक्ष्याच्या सरळ अंतराने जवळची घ्यायची. अंतराचा वर्ग पुरतो, वर्गमूळ नको. अंतर सारखं आलं तर क्रम वर, डावीकडे, खाली, उजवीकडे. आम्ही हा क्रम सोयीने उजवीकडून सुरू केला होता. दिसायला काही फरक नव्हता, पण मूळ यंत्रावर पाठ केलेले डाव एकही चालेनात. चार ठिकाणी, म्हणजे भुतांच्या घराच्या वर दोन आणि पॅक-मॅन सुरुवातीला उभा असतो त्याच्या आसपास दोन, भुतांना वर वळायला मनाई आहे. भुतं घाबरलेली असताना ही मनाई लागू नाही.

फरक फक्त लक्ष्याचा. ब्लिंकी: पॅक-मॅनचीच टाइल. पिंकी: त्याच्या ४ टाइल पुढे. क्लाइड: ८ टाइल किंवा जास्त दूर असेल तर पॅक-मॅन, जवळ आला की स्वतःचा कोपरा. इंकीचं उदाहरणाने सांगणं बरं. पॅक-मॅन स्तंभ १४, ओळ २६ वर, तोंड डावीकडे. त्याच्या २ टाइल पुढे म्हणजे (१२, २६). ब्लिंकी (१६, २०) वर आहे. ब्लिंकीपासून त्या जागेपर्यंत ४ डावीकडे, ६ खाली. तेवढंच आणखी पुढे गेलं की लक्ष्य (८, ३२). आम्ही दुप्पट पॅक-मॅनपासून मोजत होतो, त्यामुळे इंकी ब्लिंकीशी काही संबंध नसल्यासारखा भरकटायचा.

मूळ कोडमधली एक चूक मुद्दाम ठेवली आहे. पॅक-मॅनचं तोंड वर असेल तर पिंकीचं लक्ष्य ४ टाइल वर आणि ४ टाइल डावीकडे जातं; इंकीचंही तसंच, २ वर आणि २ डावीकडे. तिथे दोन बाइट मिळून एक आकडा समजून हिशेब झाला आहे आणि एका बाइटचा हातचा दुसऱ्यात गेला आहे. ‘बग दुरुस्त केला’ म्हणून दोन पुल रिक्वेस्ट येऊन गेल्या. दोन्ही नाकारल्या. ही चूक काढली की पिंकी आणि इंकी मुळासारखे वागत नाहीत. कोडमध्ये त्या ओळीवर आता मोठी टिप्पणी आहे.

याच दिवशी लिहिलेलं सगळ्यात उपयोगी काम: एक कळ दाबली की प्रत्येक भुताचं लक्ष्य त्याच्या रंगाच्या चौकोनाने आणि रेषेने दिसतं. ४० ओळींचा कोड. हे आधी केलं असतं तर इंकीवर गेलेले तीन तास वाचले असते.

२ फेब्रुवारी (४ तास)

पांगणं (भुतं आपापल्या कोपऱ्याकडे जातात) आणि पाठलाग. पहिल्या पातळीत ७ सेकंद पांगणं, २० पाठलाग, ७, २०, ५, २०, ५ आणि पुढे कायम पाठलाग. भुतं घाबरलेली असताना हे घड्याळ थांबतं. आमचं थांबत नव्हतं, म्हणून चार गोळ्या लागोपाठ खाल्ल्या की पांगण्याचा एक टप्पा फुकट जायचा.

टप्पा बदलला की भुतं उलट फिरतात. भीती सुरू होतानाही. भीती संपताना मात्र नाही. तेही आधी फिरवत होतो.

दुसऱ्या पातळीपासून शेवटचं पांगणं फक्त १/६० सेकंदाचं आहे. आकडा चुकीचा वाटला म्हणून शून्य लिहिला. तो चुकीचा नाही. त्या एका फ्रेममुळे भुतं एकदा उलट फिरतात, तेवढ्यासाठीच तो टप्पा आहे. परत १ फ्रेम केला तरी ती फिरेनात, कारण ‘उलट फिर’ ही खूण आम्ही प्रत्येक बदलाला उलटीपालटी करत होतो: एका फ्रेममध्ये दोन बदल, खूण पुन्हा पूर्वपदावर. खूण फक्त लावायची. ती काढायचं काम भूत पुढच्या टाइलमध्ये शिरल्यावर.

घरातून बाहेर पडणं: पहिल्या पातळीत पिंकी लगेच, इंकी ३० ठिपक्यांनंतर, क्लाइड त्यानंतरच्या ६० नंतर. जीव गेल्यावर वेगळी, सामायिक मोजणी: ७, १७, ३२. शिवाय ४ सेकंद काहीच खाल्लं नाही तर पुढचं भूत सुटतं, पाचव्या पातळीपासून ३ सेकंदांत. हे शेवटचं विसरलं तर कोपऱ्यात निवांत उभं राहता येतं.

८ फेब्रुवारी (५ तास)

घाबरलेली भुतं चौकात यादृच्छिक वळतात. आधी सी भाषेतलं तयार फंक्शन वापरलं. लिनक्सवर रेकॉर्ड केलेला खेळ विंडोजवर पहिल्याच मोठ्या गोळीनंतर वेगळा चालला, कारण ते फंक्शन प्रत्येक लायब्ररीत आपापलं असतं.

मग मुळातली रीत घेतली: आकड्याला ५ ने गुणा, १ मिळवा, ८१९२ ने भागून बाकी ठेवा. दिशा चार, म्हणून शेवटचे दोन बिट घेतले. भुतं विचित्र वागू लागली: वर, डावी, खाली, उजवी, पुन्हा वर. ४ ने भागून बाकी पाहिली तर ५ आणि १ सारखेच, म्हणजे शेवटचे दोन बिट दर वेळी फक्त एकाने वाढतात. ०, १, २, ३, ०, १. हे यादृच्छिक नव्हे, पाढे म्हणणं झालं. मूळ यंत्रात हे दिसत नाही, कारण तिथे तो आकडा म्हणजे रॉममधला पत्ता आहे आणि दिशा त्या पत्त्यावरच्या बाइटवरून ठरते. रॉम आपल्याला वाटता येत नाही. म्हणून १३ पैकी वरचे दोन बिट घेतले. ते ८१९२ वेळा फिरल्याशिवाय पूर्ण क्रम पुन्हा येत नाही. बीज (सुरुवातीचा आकडा) प्रत्येक पातळीला आणि प्रत्येक जिवाला शून्यावर, मुळाप्रमाणे. किंमत अशी की भीतीच्या काळातली वळणं मूळ यंत्राशी जुळत नाहीत, त्यामुळे मूळ यंत्रावर पाठ केलेले डाव मोठ्या गोळीपर्यंतच चालतात. हे वाचा-मला फाइलीत पहिल्या परिच्छेदात लिहिलं आहे.

११ फेब्रुवारी (१ तास)

टक्कर. चौकोनावर चौकोन आला की मृत्यू, असं होतं. भूत कोपऱ्याआड असतानाच जीव जायचा. मुळात दोघांच्या मध्यबिंदूची टाइल एक आली तरच टक्कर. त्यामुळे कधीकधी दोघं एकाच फ्रेममध्ये टाइल अदलाबदल करतात आणि पॅक-मॅन भुतातून आरपार जातो. तेही मुळात आहे. ठेवलं.

१६ फेब्रुवारी (७ तास)

आवाज. मूळ यंत्रात तीन स्वर, प्रत्येक लहर ३२ नमुन्यांची, नमुना ४ बिटांचा. लहरी स्वतः काढल्या. दोन तक्रारी होत्या. ठिपका खाल्ल्यावर आवाज मागून येतो: बफर (वाजण्याआधी आवाज साठवायची जागा) २०४८ नमुन्यांचा होता, ४४,१०० च्या दराने ४६ मिलिसेकंद. ५१२ केला, १२ च्या आत आलं. २५६ वर काही मशीनवर आवाज तुटला, म्हणून ५१२ च. दुसरी तक्रार टकटक आवाजाची: सूर बदलताना लहर पहिल्या नमुन्यापासून सुरू करत होतो. फक्त गती बदला, लहरीतली जागा तशीच राहू द्या.

२३ फेब्रुवारी (६ तास)

रेकॉर्डिंगवरून चाचणी. दर फ्रेमची कळ फाइलीत, शेवटी सगळ्या स्थितीचा एक हॅश (स्थिती जराही बदलली तर बदलणारा आकडा). कोड बदलला की १२ रेकॉर्ड केलेले खेळ चित्राशिवाय पळतात, सगळे मिळून दोन सेकंदांत. लावल्या लावल्या एक खेळ कधी जुळे, कधी नाही. फळाचा टायमर सुरुवातीला कुठेच शून्य केलेला नव्हता. मेमरीत जे असेल ते. फळ ७० आणि १७० ठिपक्यांना येतं, त्याआधी टायमर कोण बघतो, असं वाटलं होतं. हॅश बघतो. वॉर्निंग सगळ्या चालू केल्यावर कंपायलरनेही तेच सांगितलं, जे पहिल्या दिवशीच ऐकायला हवं होतं.

१ मार्च (२ तास)

२५६ वी पातळी. मुळात पातळीचा आकडा एका बाइटमध्ये आहे, २५५ नंतर तो शून्यावर येतो, फळं काढणारा भाग शून्यालाच २५६ समजून पडद्याचा उजवा अर्धा भाग कचऱ्याने भरतो. आमच्याकडे आकडा मोठा आहे, त्यामुळे काही होत नाही. नक्कल करायची तर रॉममधले बाइट लागतात, म्हणून करणार नाही. इश्यू ‘होणार नाही’ म्हणून बंद.

आवृत्ती ०.९ काढली. विंडोजच्या झिपमध्ये एसडीएलची डीएलएल (खेळ उघडायला लागणारी लायब्ररीची फाइल) टाकायची राहिली, पहिल्या तासात तीन जणांकडे खेळ उघडलाच नाही. ०.९.१ त्याच संध्याकाळी. उरलेलं: जॉयस्टिकच्या तिरक्या दिशा, आणि पहिल्या पातळीत शेवटचे २० ठिपके उरल्यावर ब्लिंकीचा वेग ८० टक्के, १० उरल्यावर ८५. दुसरं काम लिहून झालं आहे, पण जीव गेल्यावर क्लाइड घराबाहेर पडेपर्यंत ब्लिंकीने हा वेग घ्यायचा नसतो, आणि आमचा घेतो.